ती बत्तीसची एमसीबी पिराजीनं लावली नव्हती

पिराजी माझा धाकटा भाऊ. मागच्या खंडेनवमीला माझ्या घरात करंट लागून गेला. आता नवरात्र आलं की वर्ष होईल. वर्षश्राद्धाला आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल कुणीतरी लिहा म्हणाले, तेव्हा मीच लिहिते म्हटलं. शाळा माझी चौथीपर्यंत. पवित्रानं, माझ्या लेकीनं, मोबाईलवर मराठी घालून दिलंय. बोलते तसं लिहिते.

त्याचं काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण तुम्हाला जे माहीत आहे ते खरं नाही. इलेक्ट्रिशियन असून बारीक वायरीवर मोठी एमसीबी लावून ठेवली आणि टेस्टर न लावता हात घातला, असं सगळे म्हणतात. दहाव्याला पण म्हणत होते, मी ऐकलंय. मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते.

आमचं गाव खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. पिराजी दहा वर्षांचा असेल तेव्हा गणपतीच्या मांडवाला लायटिंग केलेली. शाळेतनं वायर ओढून आणलेली, तीवरच भोंगा, तीवरच माळा, तीवरच पंखा. हा मांडवामागं जाऊन वायरीला हात लावून आला आणि मला म्हणाला, अक्का, वायरीला ताप आलाय. मी हसले. त्यानं माझा हात धरून नेलं, तर खरंच गरम होती. मोठ्या माणसांना सांगितलं तर त्यांनी हाकलून दिलं. आरतीच्या वेळी वायर वितळली आणि मांडवाचा एक पडदा जळाला. तेव्हापासनं त्याला सगळे वायरमन म्हणायला लागले, चेष्टेनं.

माझं लग्न होऊन मी बेंगळूरला आले. आमचे हे बोम्मसंद्रात कंपनीत. पिराजी दहावी नापास झाला तेव्हा मीच म्हटलं पाठवून द्या इकडं. मीच आणला त्याला इथं.

इथल्या शिवाजीनगरात मंजुनाथअण्णांचं दुकान आहे, वायरिंगची कामं घेतात. त्यांच्याकडं लावला. अण्णांची शिकवायची पद्धत वेगळी. पहिले पंधरा दिवस कुठल्या कामाला नेलं नाही. डोळ्याला पंचा बांधायचे आणि हातात वायरीचे तुकडे द्यायचे. ही कितीची? एकची, दीडची, अडीचची, चारची. आकडा मोठा तेवढं आतलं तांबं जाड. चिमटीत फिरवून सांगायचं. चुकलं की चहा आणायला पाठवायचे. पिराजी म्हणायचा, अक्का, पहिल्या आठवड्यात मी वायरिंग नाही, चहाच शिकलो. पण नंतर असा हात बसला की कोटिंग लावलेल्या वायरीवरनं नुसतं बोट फिरवून आत तांबं किती आहे सांगायचा. कंपनीनं दीड छापलेलं असलं तरी ही दीड नव्हे म्हणून परत करायचा.

मला पण त्यानं शिकवलेलं, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, मी पोळ्या लाटत असताना. दिवे, पंखे यांना एक नाहीतर दीडची वायर. साध्या प्लगला अडीचची. गीझर, एसी, मोठी शेगडी, याला चारची आणि त्याची लाईन बोर्डापासनं वेगळी, मध्ये कुणाला जोडायची नाही. आणि एमसीबी वायरीपेक्षा मोठी कधीच नाही. एमसीबी म्हणजे तो खटका, जास्त करंट झाला की आपोआप पडतो तो. तो शेगडी वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायर भिंतीच्या आत असते, जळली तरी दिसत नाही. म्हणून खटका तिच्यासाठी आधी पडायला पाहिजे. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून झालं असं मी म्हणू शकत नाही.

कामाला गेला की पहिला प्रश्न एकच, इथं काय लावणार? आज नव्हे, पाच वर्षांनी काय लावणार? लोक म्हणायचे मोबाईलचा चार्जर. हा म्हणायचा, चार्जरसाठी कुणी फ्रीजच्या उंचीवर प्लग मागत नाही ताई, खरं सांगा. आणि काम झालं की सगळं अर्धा तास चालू करून ठेवायचा, मग उलट्या हातानं एकेका बोर्डाला हात लावत घरभर फिरायचा. लहान पोराच्या कपाळाला लावतो ना तसा. कुठं कोमट लागलं तर सगळं उघडायचा. मंजुनाथअण्णा कंटाळायचे, दोन दिवसांचं काम याला तीन दिवस.

इलेक्ट्रॉनिक सिटीत एक रत्नाकरसाहेब आहेत, पुण्याचे, सरकारी विमानाच्या कंपनीतनं रिटायर झालेले. आपल्या मंडळात येतात. त्यांच्या फ्लॅटात एसी लावायचा होता. साहेबांनी कागदावर हिशोब करून दाखवला, एवढे वॅट, एवढा व्होल्टेज, म्हणजे एवढे अँपियर, दीडची वायर भरपूर झाली. पिराजीनं कागद बघितला आणि म्हणाला, कागदावरची वायर उघड्यावर असते साहेब, तुमची वायर भिंतीत आहे. एका पाईपात पाच जणी कोंबल्यात, वर तीन खोल्या फिरून येणार. तिला गरम झालं तर ती कुठं जाऊन बसेल? साहेब रागावले. म्हणाले मी विमानं बांधली. हा म्हणाला, म्हणूनच म्हणतो, विमानात तुम्ही बारीक घातली असती काय? साहेब हसले आणि चारची घालू दिली. तेव्हापासनं त्यांच्या बिल्डिंगीत दुसऱ्या कुणाला बोलावत नव्हते.

लग्न भाग्यलक्ष्मीशी झालं. ती कन्नड बोलणारी, तुमकूरची. तिची मराठी म्हणजे अर्धी माझ्याकडनं शिकलेली, म्हणून माझ्यासारखीच वाकडी. पिराजी दोन्ही भाषांत तिला चिडवायचा आणि ती एकाच भाषेत उत्तर द्यायची, डोळ्यांनी. दोघं शिवाजीनगरातच राहायची, दुकानाच्या मागच्या गल्लीत.

आता माझं घर. आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडं, नरसिंहरावांच्या घरात वरच्या मजल्यावर लीजवर राहतो. वरचा मजला मागनं चढवलेला. खालच्या दिव्यांच्या लाईनीतनंच वायर वर ओढलेली, एकची. त्या एका वायरीवर दिवे, फ्रीज, बाथरूमचा गीझर, सगळं. त्यात मी पोळ्यांचं काम सुरू केलं. पीजीतल्या पोरांना पोळ्या देते, सणाला पुरणपोळ्या. गॅसची टाकी मिळेना म्हणून दोन करंटच्या शेगड्या घेतल्या. त्या लावल्या की खटका पडायचा. नरसिंहरावांना सांगितलं तर त्यांनी माणूस पाठवून खटकाच बदलला. मोठा लावला, बत्तीस अँपियरचा. मग पडायचा बंद झाला. मला वाटलं बरं झालं.

पिराजीला मी हे सांगितलं नव्हतं. तो आला की चहा पिऊन, पवित्राच्या वेण्या ओढून जायचा. बहिणीच्या घरात कोण बोर्डाला हात लावून बघतो.

मागच्या नवरात्रात दुसऱ्या माळेला आला. मी दोन्ही शेगड्यांवर पोळ्या भाजत होते, आतमध्ये गीझर चालू. तो दारातच थांबला, नाक वर करून. मग येऊन त्यानं बोर्डाला उलटा हात लावला आणि पटकन काढला. बंद कर म्हणाला, सगळं बंद कर. बोर्ड उघडला. वायर तपकिरी झालेली, बोट लावलं की वरचं प्लॅस्टिक गळून पडत होतं. एमसीबी बघून त्यानं मला विचारलं, ही कुणी लावली? मी सांगितलं. मग तो ओट्यावर बसला.

तो म्हणाला, "अक्का, खटका पडत होता म्हणून तू आजवर जगलीस. पडायचा बंद झाला तो दिवस वाईट होता."

तसाच खाली जाऊन चारच्या वायरीचं बंडल घेऊन आला, कुठल्याशा दुकानातनं. म्हणाला आत्ताच भिंत फोडतो, संध्याकाळपर्यंत नवीन लाईन देतो. पण वायरीचा पाईप जातो तो स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याच्या मागनं. त्याच्या वर वायरींच्या जोडाचा डबा, आणि त्या भिंतीला लागूनच माझा घट बसलेला. तुम्हाला ठाऊक आहे, घट बसला की नऊ दिवस हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही. आईनं कधी हलवला नाही, मी हलवला नाही. मी म्हटलं दसऱ्यानंतर कर. तो म्हणाला देवी रागवत नाही, मी तिला सांगतो. मी म्हटलं माझ्या घटाला हात लावायचा नाही.

मी मोठी ना. आई गेल्यावर मीच आई. त्यानं ऐकलं. पण त्यानं जाताना बत्तीसची एमसीबी काढली, दहाची लावली. मला शपथ घातली, एका वेळी एकच शेगडी, गीझर अजिबात नाही, पाणी दिवाळीचं तापवतेस तसं बंबात तापव. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, चारची घालतो. वायरीचं बंडल देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवून गेला, घटाशेजारी, आठवण राहावी म्हणून.

दहाची एमसीबी त्यानंच लावली होती. हे नीट वाचा. दहाची.

चौथ्या माळेला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी आल्या. दोन्ही शेगड्या लावल्या की खटका पडायचा. चार वेळा पडला, पुरण करपलं. मी नरसिंहरावांना फोन केला. मीच केला. त्यांचा माणूस येऊन परत बत्तीसची घालून गेला. पिराजीला सांगितलं नाही. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे म्हटलं.

खंडेनवमीला पिराजी आणि भाग्यलक्ष्मी दरवर्षी माझ्याकडं यायची. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा, इथं आयुधपूजा म्हणतात. पिराजीची हत्यारं माझ्या घटापुढं मांडायची, अण्णांच्या दुकानात नव्हे. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल, टेस्टर. सगळं पुसून, कुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलायचं नाही. त्या दिवशी हत्यार विश्रांती घेतं, हे आमच्या आबांनी शिकवलेलं. आबांचा कोयता असायचा, विळा असायचा.

पूजा झाली. मी नैवेद्याचं करायला लागले, दोन्ही शेगड्यांवर. पवित्रा आंघोळीला गेली होती, गीझर चालू. पिराजी बाहेर भाग्यलक्ष्मीशी काहीतरी वाद घालत हसत होता. देव्हाऱ्याच्या वरच्या डब्यातनं धूर यायला लागला. आधी मला धुपाचा वाटला.

तो धावत आत आला. बोर्डाकडं बघितलं. बत्तीसची एमसीबी त्याला दिसली. दिसली ते मला कळलं, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं.  एमसीबी खाली पाडली, शेगड्या बंद झाल्या, पंखा बंद झाला. धूर थांबेना. मी घाबरून घागरीतलं पाणी भिंतीवर मारलं, दिवा वाचवून. फरशीवर पाणीच पाणी. देवासमोर म्हणून तो अनवाणी.

डबा उघडायचा म्हणून तो स्टुलावर न चढता टाचा वर करून उभा राहिला, एक हात ओट्याच्या नळावर टेकवून. मग मागं न बघता हात पसरला.

"अक्का, टेस्टर दे."

मी म्हटलं, "आज उचलायचं नसतं रे. आणि खटका पाडलास की, मग टेस्टर कशाला?"

त्यानं एकदा टेस्टरकडं बघितलं, कुंकवात बुडालेल्या. मग माझ्याकडं. हसला थोडासा. म्हणाला, "सरी अक्का."

सरी म्हणजे बरं. इथं रिक्षावाला म्हणतो, दुकानदार म्हणतो. तेच त्याचं शेवटचं बोलणं.

चमच्याच्या दांड्यानं डब्याचं झाकण काढलं आणि उलटा हात लावला, ताप बघायला. त्या डब्यातनं नरसिंहरावांच्या गच्चीवरच्या पंपाची लाईन पण गेलेली. ती आमच्या बोर्डातनं येत नव्हती, खालनं सरळ मीटरकडनं येत होती. कुणाला ठाऊक नव्हतं. दोन्ही वायरी वितळून एक झाल्या होत्या. आमची बंद होती, ती चालू होती. टेस्टर लावला असता तर त्यातला दिवा लागला असता.

तो घटावर पडला. घट फुटला. नऊ दिवसांची रोपं वीतभर उंच आली होती, पिवळी पिवळी. दसऱ्याला आपण ती टोपीत खोवतो. ती त्याच्या केसांत अडकली होती. हॉस्पिटलात नर्सनं एकेक काढली. आधीच गेलाय म्हणाले.

मग पोलीस आले. नरसिंहरावांनी सांगितलं, यांचा भाऊ इलेक्ट्रिशियन, आठ दिवसांपूर्वी त्यानंच बोर्ड उघडला होता. हे खोटं नव्हतं. मंजुनाथअण्णा आले. बोर्डापुढं उभे राहिले. एकच्या वायरीवर बत्तीसची एमसीबी बघितली. मला विचारलं, पिराजी हे लावून गेला होता? मी रडत होते. मान खाली घातली. त्यांना वाटलं हो म्हणाली. मला कळलं की त्यांना तसं वाटलंय. मी मान वर केली नाही.

रत्नाकरसाहेब मयताला आले होते. मला म्हणाले, "ज्यानं मला शिकवलं तो टेस्टर न लावता हात कसा घालेल? मला पटत नाही, चंपाताई." मी त्यांना पाणी आणून दिलं. एवढंच केलं.

दुकानात पिराजीचा एक फोटो होता, पहिल्या मोठ्या कामाचा, अण्णांच्या खांद्यावर हात टाकून. महिन्याभरानं भाग्यलक्ष्मी दुकानात गेली तेव्हा तो भिंतीवर नव्हता. अण्णांनी काही सांगितलं नाही. नवीन पोरांना शिकवताना म्हणतात म्हणे, माझा सगळ्यात चांगला हात बारीक वायरीवर मोठा खटका लावून गेला, तुम्ही कोण? भाग्यलक्ष्मीनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, बरोबरच आहे अण्णांचं, घरात बायको आहे हे विसरला काय तो? ती रडत नाही. नुसती त्याच्यावर रागवून असते. त्याचे कपडे देऊन टाकले, त्याच्याबद्दल बोललं की उठून जाते.

मी वर्षभर हे बघितलं.

वायर तशीच होती. एक शेगडी विकली, गीझर बंद ठेवला, दिव्यांपुरती वायर चालत होती. चारचं बंडल देव्हाऱ्याजवळ तसंच, प्लॅस्टिक पण फाडलेलं नाही. दुसऱ्या कुणा इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर तो विचारणार, हे कुणी केलं. मला ते विचारलेलं नको होतं.

आता परत घट बसवायचे दिवस आले. मी एका दुपारी शिवाजीनगरला गेले. आधी भाग्यलक्ष्मीकडं. ती भाजी निवडत होती. मी बसले आणि सगळं सांगितलं, दुसऱ्या माळेपासनं. दहाची, बत्तीसची, फोन, टेस्टर. सांगताना आवाज चढवला नाही, रडले नाही. रडले असते तर तिला माझी समजूत घालावी लागली असती.

ती बराच वेळ एकच शेंग सोलत बसली. मग म्हणाली, "वर्षभर मी त्याच्यावर रागवले, अक्का. मेलेल्या माणसावर."

तिनं भाजी बाजूला सारली. ती म्हणाली, चला, अण्णांना सांगा. माझ्यासमोर सांगा.

दुकानात गिऱ्हाईक होतं. अण्णांनी त्याला थांबवलं. मी कन्नडमध्ये सांगितलं, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, जिथं अडलं तिथं भाग्यलक्ष्मीनं सांगितलं. अण्णांनी शेवटी एकच विचारलं, दहाची लावून गेला होता? मी म्हटलं हो. परत विचारलं, दहाचीच? मी म्हटलं, हो अण्णा, आणि मला शपथ घालून गेला होता. ते काउंटरच्या खाली वाकले. मला वाटलं काही शोधताहेत. बराच वेळ वर आले नाहीत.

परवा अण्णा स्वतः आले, भाग्यलक्ष्मीला घेऊन. त्यांचं वय झालंय, आता स्वतः काम करत नाहीत. देव्हारा मी आधीच दुसऱ्या भिंतीला हलवला होता. अण्णांनी नरसिंहरावांना खाली उभं करून पंपाची लाईन त्यांच्यासमोर काढायला लावली. अण्णांनी पिराजीच्या बंडलाचं प्लॅस्टिक फाडलं, वायर चिमटीत धरून डोळे मिटले आणि मान हलवली. चारचीच आहे. मग जुन्या डब्याकडं गेले. मेन बंद, मीटर बंद. तरी त्यांनी मागं न बघता हात पसरला.

पिराजीचा टेस्टर मी कपड्यात गुंडाळून ठेवला होता, कुंकवासकट. मी काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेका तारेला लावून बघितला. दिवा लागला नाही. मगच हात घातला.

संध्याकाळपर्यंत लाईन झाली. वीसची एमसीबी. अण्णांनी गीझर आणि शेगडी अर्धा तास चालू ठेवायला लावली. मग भाग्यलक्ष्मी उठली, बोर्डाला उलटा हात लावला, आणि खाली उतरून गेली. दुकानातनं आल्यापासनं ती माझ्याशी बोललेली नाही. बोलावं असं मी म्हणत नाही.

अण्णांनी फोटो परत लावलाय. मंडळात जे कुणी म्हणाले असतील त्यांनी हे वाचावं. पिराजीनं दहाची लावली होती. टेस्टर मागितला होता. मी दिला नाही.

चंपा, पिराजीची अक्का